बाणाला शिंक येते

वजनमापे तपासणी कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी नवीन टेबल करून घेण्यात आलं, टेबलासाठी कापड शिवून घेण्यात आलं, कापडावर धूळ बसू नये म्हणून त्यावर दुसरं कापड घालण्यात आलं आणि हे सगळं घालून झाल्यावर कॉम्प्युटर कोणी चालू करायचा याबाबत स्पष्ट आदेश नसल्यामुळे तो बंद ठेवण्यात आला. या काळात त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे.

कार्यालयाचं काम साधं होतं. गावातल्या दुकानदारांनी आपले तराजू आणि वजनं आणायची, इथल्या माणसांनी ती तपासायची आणि बरोबर असतील तर ठसेकाकांनी त्यांवर हातोड्याने ठसा उमटवायचा. ठसेकाकांचं खरं नाव पटावर होतं, पण पट कोणी उघडत नसे. ठण् असा त्यांचा आवाज सकाळी सुरू झाला की समोरच्या चौकातली कबुतरं उडायची, आणि थांबला की लोक म्हणायचे, काका झोपले. दोन्ही गोष्टी नियमित होत्या. काका काही फार कष्टाळू नव्हते, गप्पिष्ट मात्र पहिल्या नंबरचे. पण ठसा सरळ पडायचा. त्यांची बायको चौकापलीकडे लोकरीचं दुकान चालवायची. तीही दिवसभर काउंटरमागे विणत बसायची आणि ठण् ऐकू आलं की तिची सुई आपोआप पुढच्या टाक्यावर जायची. संसाराला याहून मोठं घड्याळ त्यांनी कधी लावलं नव्हतं.

शेवटी आदेश आला आणि कॉम्प्युटर चालू झाला. पडदा काळाकुट्ट. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती, जणू कोणीतरी अंधारात एक डोळा मिचकावतंय. टायपिस्टबाईंनी पुढे होऊन अत्यंत आदराने टाइप केलं, ‘नमस्कार’.

पडद्यावर उत्तर आलं, ‘चुकीची आज्ञा’.

“बघा, कसं उद्धट आहे!” टायपिस्टबाई म्हणाल्या. “नमस्काराला कुणी असं बोलतं का?”

“तुम्ही नमस्कार केलात इथेच चुकलं,” मोठे साहेब म्हणाले. मोठे साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. लहान साहेबाचं पद रिकामं असूनही त्यांनी ‘मोठे’ सोडलं नव्हतं. “त्याला आज्ञा हवी आहे. आज्ञा करा.”

“काय करू?”

“ते मला काय माहीत? मी आजवर आज्ञा पाळूनच इथवर आलोय.”

यंत्र सभ्य नाही, असा अहवाल मुख्यालयाला गेला. मुख्यालयालाही तोच अनुभव येत असावा, कारण थोड्याच महिन्यांत तिथून एक तरुण गृहस्थ दुसरी आवृत्ती घेऊन आले. पुढे प्रत्येक आवृत्ती त्यांनीच आणली, म्हणून त्यांचं नाव आवृत्तीवाले पडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन नाही आणि चेहऱ्यावर सगळे प्रश्न सुटलेत असा भाव.

“आता अंधार गेला,” त्यांनी सांगितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चौकटी आल्या. फरशा बसवाव्यात तशा, शेजारी शेजारी. एकीत घड्याळ, एकीत पत्र, एकीत हिशेब. “स्क्रीन म्हणजे तुमचं टेबलच समजा. टेबलावर कागद असतात तसे हे कागद. फक्त एक आहे, एका कागदावर दुसरा कागद येऊ शकत नाही.”

सगळ्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं आणि एकदा आपापल्या टेबलाकडे. टेबलांवर कागदांचे डोंगर होते आणि त्यांपैकी काहींच्या पायथ्याशी जुने डबे होते.

“आमची टेबलं अशी नाहीत,” ठसेकाका म्हणाले.

इथे मोठ्या साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्क्रीन आणि टेबल सारखं हवं. ते सारखं नाही. स्क्रीन मुख्यालयातून आला आहे, म्हणजे तो चुकणं शक्य नाही. तेव्हा चूक टेबलाची. त्याच दुपारी परिपत्रक निघालं: ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, यापुढे कार्यालयातील कोणताही कागद कोणत्याही कागदावर ठेवण्यात येऊ नये. असे केल्याने कर्मचाऱ्यांना नवीन प्रणाली आपोआप अवगत होईल.’

कागद शेजारी शेजारी ठेवायला सुरुवात झाली. टेबलं संपली. मग खुर्च्या, मग खिडक्यांचे कठडे, मग जमीन. जिना कागदांनी भरला तेव्हा गिऱ्हाइकं तराजू डोक्यावर धरून, बोटांवर चालत, दोन अर्जांच्या फटीतून वर यायची. एका भुसारी दुकानदाराचा पाय एका जुन्या तक्रारीवर पडला, म्हणून त्याच्याकडून खुलासा मागवला गेला. तो खुलासा ठेवायला जागा नव्हती. ती छतावर मिळाली. मग वारा सुटला, आणि कार्यालयाची निम्मी थकबाकी गावभर वाटली गेली. लोकांनी ती परत आणून दिली नाही, यावरून त्यांचा कार्यालयावरचा विश्वास दिसतो.

“काळजी नको,” आवृत्तीवाले दुसऱ्या खेपेला म्हणाले. “तिसऱ्या आवृत्तीत चौकटी एकावर एक ठेवता येतात. सगळ्यात पुढची जी असेल ती चालू. मागच्या असतात, पण फिकट. त्यांनी आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायचं.”

हे कागदांपुरतं ठेवणं सोपं होतं. पण परिपत्रकाला एकदा माणसांची चव लागली की ते कागदावर थांबत नाही. दोन कर्मचारी एका खोलीत असतील तर पुढचा बोलेल, मागचा फिकट राहील, असं ठरलं. फिकट कसं राहायचं याचं प्रशिक्षण झालं. त्यात लेखापाल पहिले आले. त्यांना सरावच होता. टायपिस्टबाईंनी तर हा नियम घरीही लावून पाहिला. स्वयंपाकघरात त्या सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता मी चालू.” सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. संध्याकाळपर्यंत दोघी एकमेकींच्या पुढे सरकत सरकत अंगणात पोचल्या होत्या.

तिसऱ्या आवृत्तीत चित्रंही होती. वाचायची गरज नाही, चित्र बघा आणि समजून घ्या. त्यानुसार दारांवरच्या पाट्या उतरवल्या गेल्या. ठसेकाकांच्या टेबलावर हातोड्याचं चित्र लागलं. मोठ्या साहेबांच्या दारावर रिकाम्या खुर्चीचं चित्र लागलं आणि त्याबद्दल कोणी हसलं नाही, कारण ते अचूक होतं. आस्थापना शाखेच्या दारावर एक बाई आणि एक पुरुष शेजारी उभे असल्याचं चित्र लागलं. तेव्हापासून त्या शाखेत येणाऱ्यांची संख्या फार वाढली. येणारे घाईत असत आणि जाताना नाराज.

माऊस हाताळायला शिकावं म्हणून यंत्रात पत्त्यांचा एक खेळ घातला होता. पान पकडायचं, धरून ठेवायचं, हव्या त्या जागी न्यायचं आणि सोडायचं. या एका बाबतीत कार्यालयाने जी प्रगती केली तिला तोड नाही. कामाच्या वेळात कोणीही मान वर करत नसे. मुख्यालयाच्या पाहणीत ‘कर्मचारी यंत्रासमोरून उठत नाहीत’ असा गौरवाने उल्लेख झाला.

पण पडद्यावर एक गोष्ट होती जी कार्यालयात नव्हती. बाण. पडद्यावर जिकडे तिकडे फिरणारा, बोट दाखवणारा, ज्याच्यावर टेकेल त्याला जागं करणारा तो पांढरा बाण. मोठे साहेब दोन दिवस अस्वस्थ होते. “बाणाशिवाय प्रणाली अपुरी आहे,” ते म्हणाले, आणि शिपायाला बाण नेमण्यात आलं.

त्याला पत्र्याचा एक पांढरा बाण मिळाला, मूठ लावलेला. तो ज्याला एकदा टोचेल त्याने लक्ष द्यायचं. लागोपाठ दोनदा टोचेल तर उठून कामाला लागायचं. दोन टोचण्यांमध्ये उशीर झाला तर ती दोन नसून एक-एक अशी दोनदा धरायची, म्हणजे नुसतंच दोनदा लक्ष द्यायचं. आणि बाणाने बाही धरली तर तो नेईल तिकडे जायचं, सोडेल तिथे राहायचं. काम लांबलं तर बाण बाजूला ठेवून त्याने वाळूचं घड्याळ हातात धरायचं; ते दिसलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

आजवर शिपायाला सगळे ‘अरे’ म्हणत. आता ‘बाणराव’ म्हणू लागले. बाणरावांनी सत्ता फार शांतपणे स्वीकारली. लेखापालांना त्यांनी पहिल्याच दिवशी बऱ्याच वेळा एकदा टोचलं.

“अहो बाणराव, दोनदा टोचा ना एकदाचं! नुसतं लक्ष देऊन देऊन मान अवघडली माझी.”

“बघू. मला पाण्याची घागर कोणी एकट्याने उचलायला लावली होती, आठवतंय का लेखापालसाहेब?”

चौथी आवृत्ती मात्र खरी दयाळू होती. आवृत्तीवाल्यांचा आवाजच त्या दिवशी ओलसर झाला होता. “या आवृत्तीत,” ते म्हणाले, “सगळं एका बटणापासून सुरू होतं. खाली, डाव्या कोपऱ्यात. ‘सुरुवात’. आणि बंद करायचं असलं तरी तिथूनच.”

“बंद करायला सुरुवात दाबायची?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“शेवटाची सुरुवात, असं धरा. आणि दुसरं, आता काहीही फेकलं जात नाही. एक टोपली आहे. नको ते टोपलीत जातं, पण टोपलीत गेलेलं मरत नाही. ते तिथे वाट बघत राहतं. हवं तर ‘पूर्ववत करा’ म्हणून परत काढता येतं. आणि कोणतीही मोठी गोष्ट करण्याआधी यंत्र आपल्याला अदबीने विचारतं, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ शेवटचा शब्द तुमचा. वापरणाऱ्याचा.”

डाव्या कोपऱ्यात खाली मोरी होती. तिथे दार फोडून ‘सुरुवात’ अशी पाटी लावण्यात आली. घरी जायचं असलं तरी मोरीतून. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला टोपली घोषित करण्यात आलं. तिला मागच्या बोळात उघडणारा एक दरवाजा होता. शुक्रवारी संध्याकाळी तो उघडायचा आणि टोपलीत जे असेल ते बाहेर काढून, पटावरून त्याचं नाव खोडायचं, असं ठरलं. तोवर कोणालाही वाटलं नाही की टोपलीत जाणाऱ्याचं पटावर नाव असू शकेल.

मग एके दिवशी आवृत्तीवाल्यांच्या लक्षात आलं की नव्या आवृत्तीला स्वतःचे आवाज आहेत. टिंग. टुंग. आणि चूक झाली की टॉक. ठसेकाकांच्या ठण् मध्ये ते ऐकू येत नव्हते. काकांचं टेबल मागच्या व्हरांड्यात हलवावं असं ठरलं, आणि टेबलाबरोबर काकांना.

बाणरावांनी काकांची बाही धरली. काका हातोडा घेऊन निघाले. सगळे माना वर करून बघत होते, कारण पत्त्यांच्या खेळाशिवाय पान हलताना पाहायला मिळणं दुर्मीळ. दोघं जिन्याखालून चालले होते. टोपलीचं दार उघडं होतं, आत जुने कागद होते, कागदांवर धूळ होती, आणि त्या वेळी सूर्याचा एक कवडसा नेमका धुळीवर पडला होता. धूळ सोन्यासारखी नाचत होती. बाणरावांनी नाक वर केलं, डोळे मिटले, आणि शिंकले.

शिंकताना हात सुटला. काकांचा तोल गेला आणि ते टोपलीच्या उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर, एका मोडक्या खुर्चीत जाऊन बसले.



“अरे, शिंकलास तर शिंकलास,” काका म्हणाले. “धर पुन्हा बाही.”

बाणरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांचा चेहरा पडला होता. “काका, सोडलं तिथे राहायचं असा नियम आहे. आणि टोपलीतल्या वस्तूला बाण लावता येत नाही.”

“मी वस्तू?”

“मी नाही हो म्हणत. परिपत्रकात आहे.”

काका पहिले दोन दिवस खुशीत होते. खोली थंड होती, काम नव्हतं, आणि खाली घालायला मागच्या आवृत्त्यांची मऊ खोकी होती. चौकातली कबुतरं गोंधळली. लोकरीच्या दुकानात मात्र सुई थांबली. काकू टाका घालायची विसरली, आणि विसरली हे कळल्यावर उठली. शाल अंगावर ओढून ती चौक ओलांडून, मोरीतून सुरुवात करून आत आली.

“शुक्रवारी ती खोली रिकामी करणार म्हणे,” तिने मोठ्या साहेबांना विचारलं. “म्हणजे यांची नोकरी जाणार?”

“पटावरून नाव जाईल,” साहेब म्हणाले. “नोकरी हा त्याचा परिणाम.”

“शिंकेमुळे?”

“वहिनी, शिंक नोंदीत नाही. नोंदीत एवढंच आहे की बाणाने त्यांना टोपलीत सोडलं.”

“मग काढा ना परत! मी विणताना एक टाका चुकले तर उसवते. तुमच्यात उसवायची सोय नाही का?”

“आहे तर!” आवृत्तीवाले मध्येच उत्साहाने म्हणाले. “‘पूर्ववत करा’. शेवटची केलेली गोष्ट पुसली जाते.”

“पुसा मग.”

साहेबांनी होकार दिला. आवृत्तीवाल्यांनी हात वर करून जाहीर केलं, “पूर्ववत!” बाणराव पुढे आले आणि त्यांनी साहेबांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला.

“अहो, हे काय?”

“शेवटची गोष्ट चहा होती, साहेब. मी आत्ताच आणून दिला होता.”

“बरं. पुन्हा पूर्ववत!”

या वेळी लेखापालांनी नुकतीच केलेली सही खोडली गेली. मग टायपिस्टबाईंनी उघडलेली खिडकी बंद झाली. मग एका सोनाराला तपासून दिलेला तराजू चौकातून धावत जाऊन परत आणला गेला आणि सोनार मागोमाग शिव्या देत आला. मग काल घरी गेलेले सगळे पुन्हा आले असं धरण्यात आलं. कार्यालय असं सुखाने मागे मागे चाललं होतं. काकू प्रत्येक ‘पूर्ववत’बरोबर मान हलवत होती. शिंक आता अगदी जवळ आली होती.

एवढ्यात साहेबांनी हात वर केला. “थांबा. याच्या आधी काय आहे?”

आवृत्तीवाल्यांनी बघितलं. “तुमच्या भाच्याची नेमणूक, साहेब. लहान साहेब म्हणून. ती झाली आणि मग या सगळ्या गोष्टी. ती पुसली की त्याच्या मागेच शिंक.”

खोलीत सगळे एकदम फिकट झाले. या वेळी प्रशिक्षण उपयोगी पडलं.

“पूर्ववत करण्यालाही मर्यादा असते,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “इतकं मागे जाणं प्रगतीच्या दृष्टीने योग्य नाही.”

“साहेब, एका भाच्यासाठी?” काकू म्हणाली.

“वहिनी, भाचा हा प्रश्नच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. चहा आणा रे परत.”

काकू टोपलीच्या दारापाशी बसली. आत जायला बंदी होती, दारात बसायला नव्हती. दारात बसणं कोणत्याच आवृत्तीत नव्हतं. तिने पिशवीतून लोकर काढली. काका आतून म्हणाले, “अगं, एवढं काय? शुक्रवारी बाहेर काढणारच आहेत.”

“बाहेर म्हणजे कुठे, ते तरी कळलंय का तुम्हाला?”

“बोळात.”

“बोळात म्हणजे घरी. घरी म्हणजे दिवसभर माझ्या डोक्याशी.”

“मग तुला त्रास आहे म्हण की.”

“त्रास तर आहेच,” काकू म्हणाली, आणि तिचा आवाज लोकरीसारखा झाला. “पण तुमचा ठण् ऐकल्याशिवाय माझा मोजा पुढे जात नाही. डावा झाला, उजवा राहिला.” आणि ती सुईवर मान घालून गुणगुणू लागली, गुणगुणताना जे सुचेल ते:

एक टाका चुकला बाई,
उसवून मी घेतला,
माणूस माझा हापिसाने
गुंड्यामध्ये गुंतवला.

आतून काकांनी मोडक्या खुर्चीवर हातोडा हळूच टेकवला. टक्. लाकडाचा आवाज तो, ठण् नव्हता. पण तिने एक टाका घातला.

शुक्रवार आला. टोपली रिकामी करण्याआधी प्रणाली अदबीने विचारणार होती: तुम्हाला खात्री आहे का? प्रश्न हा होता की ‘तुम्ही’ म्हणजे कोण. आवृत्तीवाल्यांनी पुस्तक उघडून दाखवलं, ‘वापरणारा’. कार्यालय कोण वापरतं? साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तराजू घेऊन उभी असलेली रांग वापरते. म्हणजे अंतिम शब्द जनतेचा. साहेबांचं ऊर भरून आलं. इतकी लोकशाही त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

काउंटरवर एक पाटी लावण्यात आली आणि पाटीखाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’. रांगेतल्या प्रत्येकाने काम सांगण्याआधी उत्तर द्यायचं. अट इतकीच होती की एकाने जरी ‘नाही’ म्हटलं तरी टोपली रिकामी होणार नाही आणि काका परत जागेवर.

“एकाने जरी?” काकूने दोनदा विचारून घेतलं.

“एकाने जरी,” आवृत्तीवाले म्हणाले. “प्रणाली दयाळू आहे.”

काकू रांगेच्या टोकाशी गेली आणि प्रत्येकाला सांगत पुढे आली. “भाऊ, तिथे विचारतील त्याला नाही म्हणायचं हं. आमचे हे आत अडकलेत.” सगळ्यांनी मनापासून ऐकलं. भुसारी दुकानदार म्हणाला, “अहो काकू, काकांनी माझ्या बापाच्या वजनांवर ठसे मारलेत. नाहीच म्हणणार!” सोनार म्हणाला, “या कार्यालयाला नाही म्हणायची संधी मी सोडीन होय?” एक मासळीवाली तर रडायलाच लागली.

रांग सरकू लागली. पाटीवर काय लिहिलं होतं ते असं: ‘आपले स्वागत आहे. पुढे जायचे का?’ आणि ‘होय’ दाबलं की पाटी फिरायची: ‘कार्यालयाचे नियम आपणास मान्य आहेत का?’ मग, ‘सोयीसाठी आपली माहिती जपून ठेवावी का?’ मग, ‘हा प्रश्न पुन्हा विचारू नये का?’ मग एक बराच मोठा मजकूर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आणि खाली तीच दोन बटणं. मागून लोक म्हणत होते, “चला हो, लवकर!” टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग. आणि माणूस तराजू काउंटरवर ठेवायचा.

भुसारी दुकानदार मोकळा झाला आणि हसतहसत काकूकडे आला. “मला तर त्यांनी विचारलंच नाही काही. विचारलं असतं तर बघा!”

सोनारही तेच म्हणाला. मासळीवाली म्हणाली, “कुठे होता तो प्रश्न? मी डोळे पुसत होते.”

काकू चिडली. “आंधळे आहात का सगळे? एवढी मोठी पाटी! थांबा, मीच उभी राहते.” दुकानातून आपला लोकर तोलायचा छोटा तराजू आणून ती रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिच्यामागे कोणी नव्हतं. ती शेवटची वापरणारी होती.

बाणरावांनी तिला पुढे बोलावलं. त्यांनाही आत कुठेतरी शिंक बोचत होती. ते हळूच म्हणाले, “काकू, घाई करू नका. नीट बघा.”

“मला शिकवतोस होय रे?” काकू म्हणाली आणि पाटीसमोर ताठ उभी राहिली.

पुढे जायचे का? म्हणजे काय, जायचंच आहे. टिंग. नियम मान्य आहेत का? आहेत बाबा आहेत, आता पुढे चल. टिंग. माहिती जपून ठेवावी का? ठेव मेल्या. टिंग. हा प्रश्न पुन्हा विचारू नये का? विचारूच नकोस! टिंग. कुठे आहे ते टोपलीचं, कधी येतंय ते टोपलीचं, असं म्हणत तिने मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांकडे मान पुढे केली. आणि बोट आधीच खाली गेलं होतं.

टिंग.

मग सगळं फार व्यवस्थित झालं. आतून कडी निघाल्याचा आवाज आला, मागचा दरवाजा उघडला, आणि संध्याकाळच्या उन्हात खोकी, जुने कागद आणि हातोडा घेतलेले काका बोळात येऊन उभे राहिले. लेखापालांनी पट उघडला, काकांचं खरं नाव पहिल्यांदा वाचलं आणि त्यावर रेघ मारली. कार्यालयाने या आठवड्यात जनतेचा शंभर टक्के सहभाग नोंदवला. काकांच्या जागी लहान साहेबांचं टेबल लागलं.

काकू वळसा घालून बोळात आली. काका खोक्यावर बसले होते. केसांत धूळ, हातात हातोडा. तिने पदराने त्यांच्या डोक्यावरची धूळ झटकली. जरा जोरातच झटकली.

“शंभर टक्के म्हणे,” काका म्हणाले. “एकानेही नाही म्हटलं नाही गं? कोणी दाबलं होय?”

काकूने हातातला तराजू पदराआड केला.

“लोकांनी,” ती म्हणाली.

आणि ती खोटं बोलत नव्हती. रांगेत उभं राहिलं की जो तो लोकच असतो. तिने काकांचा हात धरून त्यांना उठवलं आणि दोघं चौक ओलांडून घरी गेली. उजवा मोजा अजून झालेला नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही नीट वाचून ‘नाही’ दाबलं असतं. असेलही. आज सकाळी डोळे चोळत फोन हातात घेतलात तेव्हा त्यानेही अदबीने काहीतरी विचारलं होतं, आणि तुम्ही ‘होय’ म्हणालात. काय विचारलं होतं?